जळगाव-धुळ्याहून अमेरिकेत सीआयएस (कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स) शिकायला आलेल्यांसाठी

कळण्याचं पीठ आणि लोणच्याची बरणी जागेवर लागली की आधी आय-20, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद, काढा. पहिल्या पानावर अभ्यासक्रमाच्या नावापाशी सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या वर्गवारीचा नंबर, असतो. 11 ने सुरू होणारे कॉम्प्युटरचे बहुतेक कोड सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहेत. 52.1201 हा मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा कोड मात्र बिझनेसमध्ये मोडतो आणि त्या यादीत नाही. डिग्रीचं नाव तेच, पण एका पोराला 12 महिन्यांच्या ओपीटीवर (शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी) आणखी 24 महिने मागता येतात, दुसऱ्याला नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवून आलेल्याला हा फरक किती जड, ते मी सांगायला नको. तिकडच्या कन्सल्टन्सीवाल्यांना कोडबद्दल विचारलं तर ते रँकिंगच सांगत बसतात. त्यातल्या बऱ्याच जणांना कॉलेजकडून कमिशन मिळतं.

मग अभ्यासक्रम. सीआयएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स नव्हे. डेटाबेस, सिस्टिम अ‍ॅनालिसिस, नेटवर्क, सिक्युरिटी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट असा तो मामला. अल्गोरिदम आणि कंपायलरची हौस असेल तर इथे मन रमणार नाही. कॅटलॉगमध्ये चाळीस विषय छापलेले दिसतील, त्यावर जाऊ नका. गेल्या दोन सेमिस्टरचं टाइमटेबल उघडा आणि त्यातले खरोखर किती शिकवले गेले ते बघा. क्लाउडचा विषय कागदावरच असेल तर तो नाहीच समजा. शेवटी खऱ्या कंपनीसाठी करायचं प्रोजेक्ट आहे का, हेही विचारा. आधीच्या बॅचची मुलं लिंक्डइनवर सापडतात. कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा त्यांना काय नोकऱ्या लागल्या ते वाचा.

उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) बीसीए करून आलेल्यांच्या गळ्यात बऱ्याचदा ब्रिज कोर्स, म्हणजे पाया पक्का करायचे जादा विषय, पडतात. त्यांचे पैसे वेगळे, आणि अनेकदा ते डिग्रीच्या क्रेडिटमध्ये धरत नाहीत. तुमच्या वर्षाचा सिलॅबस कॉलेजच्या शिक्क्यानिशी मागवा आणि डिपार्टमेंटला माफीसाठी अर्ज करा. डेटाबेस नि सी तुम्ही शिकलाच आहात, भो! सगळं माफ होईल असं नाही, पण एक विषय सुटला तरी पुष्कळ.

मान्यता आधी विद्यापीठाची बघा, ती शिक्षण खात्याच्या साइटवर शोधता येते. मास्टर्सला एबीईटी (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) नाही म्हणून घाबरू नका, ती मंडळी मुख्यतः बॅचलरचे अभ्यासक्रम तपासतात. आणि ‘पहिल्या दिवसापासून नोकरी’ म्हणणाऱ्या कॉलेजपासून लांब राहा. अशी शिकतानाची नोकरी सीपीटी नावाच्या परवानगीवर असते, आणि 12 महिने पूर्णवेळ सीपीटी केली की त्या पातळीची ओपीटी जाते. मिशिगनचं फार्मिंग्टन विद्यापीठ तर होमलँड सिक्युरिटी या सरकारी खात्यानेच रचलेला सापळा निघाला. 2019 साली ते उघड झालं. तिथे वर्गच भरत नव्हते.

विषय बदलायचा असेल तर अ‍ॅड-ड्रॉपची (विषय घ्यायची-सोडायची) शेवटची तारीख आजच बघून ठेवा. पण एखादा विषय सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. पूर्णवेळासाठी लागणारी क्रेडिट्स कमी पडली तर व्हिसाच धोक्यात येतो. मास्टर्सला ती बहुतेक ठिकाणी 9 असतात.