अक्कलदाढ काढल्यानंतर घ्यावयाची काळजी

अक्कलदाढ काढल्यावर जबड्यात जी खाच उरते, तिच्यात थोड्याच वेळात रक्ताची गुठळी धरते. उघडे पडलेले हाड झाकणारी ही गुठळी जागेवर राहिली तर जखम सहसा आपोआप भरत जाते; ती निसटली किंवा विरघळली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारा असह्य ठणका सुरू होतो आणि तोंडाला दुर्गंधी येते. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. पुढची बहुतेक पथ्ये या गुठळीसाठीच आहेत, हे ध्यानात ठेवले की ती जाचक वाटत नाहीत.

दंतवैद्यांनी ठेवलेला बोळा सांगितलेला वेळ, साधारणपणे 30 ते 45 मिनिटे, घट्ट चावून धरावा आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी तो पुन्हा पुन्हा काढू नये. पहिल्या दिवशी लाळेला गुलाबी छटा असतेच, तिला घाबरू नये. पहिले 24 तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये. स्ट्रॉने पिणे तर काही दिवस टाळावेच, कारण त्या ओढीने गुठळी उखडू शकते. धूम्रपान किमान तीन दिवस, आणि शक्य तर जखम भरेपर्यंत, कटाक्षाने वर्ज्य करावे. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे, आणि नेमके तेच सर्वाधिक मोडले जाते.

पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर 15-20 मिनिटे ठेवावा, तितकाच वेळ थांबावे आणि पुन्हा ठेवावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, त्यामुळे ती वाढलेली दिसली म्हणून लगेच धीर सोडू नये. झोपताना डोके उंच ठेवावे. वेदनाशामक गोळी बधिरता पूर्ण उतरण्यापूर्वीच, सांगितलेल्या प्रमाणात घ्यावी. रक्त पातळ करणारे औषध नेहमी चालू असेल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नये.

बधिरता असेपर्यंत काही चावू नये, कारण गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही. नंतर काही दिवस मऊ, कोमट किंवा गार अन्न दुसऱ्या बाजूने खावे. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर गुळणी करावी, पण पाणी खळखळवू नये. ते तोंडात हलकेच फिरवून आपोआप बाहेर पडू द्यावे. बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासावेत, जखमेला मात्र ब्रश लावू नये. जबडा आखडणे स्वाभाविक असून आठवडा-दोन आठवड्यांत तो मोकळा होतो.

दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर ठणका किंवा सूज वाढत असेल, ताप अथवा पू आला असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ वा जीभ बधिर असेल, तर दंतवैद्यांना त्वरित कळवावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागल्यास त्यांच्या उत्तराची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.