आधी एक पेन्शन हाताने काढा

सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची जुनी संगणक प्रणाली बदलायच्या कामावर मी रुजू झाले, तेव्हा नवा डेटाबेस आणि नव्या स्क्रीन एवढंच डोक्यात होतं. पहिल्याच आठवड्यात पेन्शन विभागातल्या एका वरिष्ठ बाईंनी एका निवृत्त कर्मचाऱ्याची फाइल हातात ठेवली. म्हणाल्या, "याचं पेन्शन कागदावर काढून दाखव." दोनदा खंडित झालेली सेवा, मधे बिनपगारी रजा, काही वर्षं अर्धवेळ काम. मला तीन दिवस लागले. तरीही माझा आकडा आणि सिस्टीमचा आकडा शेवटच्या अंकात जुळेना.

का, ते कोडमध्ये सापडलं. जुनी सिस्टीम कोबॉलमध्ये लिहिलेली होती. ही 1959 साली आकाराला आलेली प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि तिच्यात ROUNDED लिहिलं नाही तर जादा दशांश सरळ कापले जातात. आमच्या प्रोग्रॅममध्ये ते लिहिलेलं नव्हतं. मी पूर्णांकन केलं होतं, म्हणजे आकडा जवळच्या अंकावर नेला होता; जुना प्रोग्रॅम कापत होता, तोही प्रत्येक पायरीवर. नियमांच्या पुस्तकात याचा उल्लेख नाही, पण पेन्शन वर्षानुवर्षं तसंच दिलं जात होतं. पुढे दोन्ही सिस्टीम काही महिने समांतर चालवल्या, तेव्हा तफावतींच्या यादीतला मोठा भाग याच एका कारणाचा निघाला. नव्या सिस्टीममध्ये पैशांसाठी फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा संख्याप्रकार, कधीही वापरू नका. दशांश प्रकारच घ्या आणि कोणत्या पायरीवर कापायचं, कुठे पूर्णांकन करायचं, हे विभागाकडून लेखी घ्या.

या क्षेत्रात रद्द झालेला नियमही जिवंत असतो, हे नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही. विशीत नोकरीला लागलेला माणूस नव्वदीपर्यंत जगला आणि त्याच्या मागे जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं, तर ती एक नोंद सत्तर वर्षांहून जास्त चालते. त्यामुळे तीन-चार काळांचे नियम एकाच वेळी लागू असतात. जुन्या कोडमधली एखादी IF, म्हणजे अट, निरर्थक वाटली, तरी ती कोणासाठी लिहिली होती हे कळल्याशिवाय काढू नका. कदाचित तिच्यावर अवलंबून असलेली चारच माणसं उरली असतील, पण त्यांचं घर त्या रकमेवर चालतं.

डेटा हलवणं हे सगळ्यांत अवघड काम, आणि बहुतेक नियोजनांत त्याला सगळ्यांत कमी वेळ दिलेला असतो. मेनफ्रेमवरची (अशा जुन्या प्रणाली चालतात त्या मोठ्या संगणकांवरची) अक्षरं एबसिडिक या त्यांच्या वेगळ्या अक्षर-संकेतात असतात, रकमा मात्र बहुधा पॅक्ड डेसिमलमध्ये: एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. सगळी फाइल मजकूर समजून बदलली, तर नावं सुरेख दिसतात आणि रकमा नासतात. आमच्या पहिल्या चाचणीत हेच झालं. नावं बरोबर दिसली म्हणून दोन दिवस कोणी रकमा पाहिल्याच नाहीत.

तारखांचंही तसंच. जन्मवर्ष दोन अंकी असेल आणि 30 च्या आतलं वर्ष 2000 नंतरचं धरायचं ठरलं असेल, तर 1928 साली जन्मलेल्या आजी 2028 सालच्या होतात. जन्मतारखेसाठी ही युक्ती चालत नाही. सेवेत लागल्याच्या तारखेशी ताडून पाहावंच लागतं.

शिकायचं काय? कोबॉल लिहिता नाही आली तरी चालेल, वाचता यायला हवी. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, पक्की हवी. आणि दर आठवड्याला थोडा वेळ पेन्शन विभागातल्या जुन्या माणसांजवळ बसा. शेऱ्याच्या रकान्यातल्या एका दोन अक्षरी खुणेचा अर्थ आम्हाला कुठल्याच दस्तऐवजात सापडला नव्हता. निवृत्तीला महिना राहिलेल्या एका कारकुनाने तो एका वाक्यात सांगितला: घटस्फोटानंतर पेन्शनचा वाटा दुसऱ्या खात्यात जातो.

समांतर चाचणीत कधीतरी जुनी सिस्टीमच चुकलेली सापडेल. आम्हाला एका विधवेची नोंद सापडली. पतीची अर्धवेळ सेवा दोनदा कमी धरली गेली होती. आकडे जुळावेत म्हणून नवी सिस्टीम तशीच चुकवावी, असंही बैठकीत सुचवलं गेलं. अशा वेळी स्वतः काही दुरुस्त करू नका आणि गप्पही बसू नका. हाताने काढलेला हिशेब जोडून त्याच दिवशी लेखी कळवा, कारण थकबाकी द्यायची की नाही हा निर्णय प्रोग्रॅमरचा नाही. आम्ही कळवलं. त्या बाईंना थकबाकी मिळायला आणखी पाच महिने गेले.