पान्ह्याची सुई: या चुका टाळा

शिरूर तालुक्यात माझा गोठा आहे. नवा गडी दोन जनावरं बांधतो आणि आठव्या दिवशी फोन करतो, "दादा, दूध वाढवायचं इंजेक्शन कुठलं?"

पहिली चूक हीच. गोठ्यात चोरून टोचतात ते बहुतेकदा ऑक्सिटोसिन असतं. त्यानं दूध तयार होत नाही, कासेत असलेलं खाली उतरतं, एवढंच. दूध वाढवणारं हार्मोन वेगळं, बीएसटी (बोव्हाइन सोमॅटोट्रॉपिन). त्याला अमेरिकेत १९९३ साली मंजुरी मिळाली, कॅनडानं १९९९ मध्ये ते नाकारलं. तेही खुराक भक्कम असेल तरच चालतं. नुसत्या कडब्यावर कुठलं हार्मोन काय करणार?

दुसरी चूक मी स्वतः केली. बाजारातून मुऱ्हा म्हैस घेतली. व्यापाऱ्यानं समोर सात लिटर काढून दाखवलं, मी सातचे पैसे मोजले. घरी सकाळी धारेला बसलो, तर पान्हाच नाही. लाथ झाडली, बादली आडवी. रेडकू ढुसण्या देऊन दमलं. मानेवरून हात फिरवला तेव्हा कातडीखाली गाठी लागल्या, चार-पाच, ओळीनं. सुईची सवय लागलेली म्हैस!

शेजारी बिनलेबलाची बाटली घेऊन आला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नाही घेतली. दूध तुंबून दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, होऊ नये म्हणून डॉक्टरांना कास दाखवत राहिलो. कोमट पाण्यानं कास धुवायची, समोर सरकी पेंडीचं घमेलं, रेडकू एका सडाला, आणि धार रोज त्याच वेळी, मीच काढणार. पहिला आठवडा कसंबसं दीड लिटर. बायको म्हणाली, विकून टाका. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे रेडकानं दोन ढुसण्या दिल्या आणि चारही सड टरारले. म्हैस पाच लिटरवर स्थिरावली. सात कधीच दिलं नाही.

म्हणून विकत घेताना एकच धार बघू नका. आदल्या संध्याकाळी कास रिकामी करून घ्या, मग लागोपाठ दोन धारा बघा. व्यापारी दूध तुंबवून ठेवतात. धारेआधी जनावराजवळ कोण घुटमळतंय, तेही बघा.

गोठ्यात काठी आपटणं: घाबरलेलं जनावर पान्हा चोरतं.

पान्हा आल्यावर फोनवर बोलत बसणं: तो पाच-सात मिनिटंच टिकतो.

एकच सुई सगळ्या जनावरांना: यावर मी बोलतसुद्धा नाही.

'सगळेच टोचतात' म्हणणं: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ वाचा. दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन दिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जनावर सरकारजमा. व्यायल्यावर डॉक्टर गरजेपुरतं ऑक्सिटोसिन देतात, ती गोष्ट निराळी.

आणि पाणी. गाईच्या दुधात सुमारे सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं, तरी लोक दिवसातून दोनदा बादली दाखवतात आणि इंजेक्शनचं नाव विचारतात. माझ्याकडे हौद चोवीस तास भरलेला असतो.