मंडळीला गातं करणारा गायनगट कसा घडवावा

रविवारी चर्चमध्ये पुढे पाच-सहा जण माइकवर जीव तोडून गातात आणि मागच्या बाकांवर मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले लोक, पुस्तक धरून गप्प उभी असते. अशा वेळी मंडळीच्या भक्तीला दोष देऊ नका. बहुतेकदा पट्टी उंच असते, नाहीतर गीत नवं असतं, नाहीतर गाणाऱ्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या आवाजावर असतं. गायनगटाचं काम मंडळीला गातं करणं. आवाजाची आणि मनाची, दोन्ही तयारी याच कामाला जुंपायची.

पेटी उघडण्याआधी

सराव शनिवारी संध्याकाळी, दीड तास. पहिली पंचवीस मिनिटं वाद्यांना हात लावायचा नाही. दहा मिनिटं रविवारचा शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) आणि प्रार्थना. प्रार्थना दर वेळी वेगळ्याने करायची, पाळकसाहेबांवर सोडायची नाही. उरलेली पंधरा मिनिटं गीतांचे शब्द नुसते मोठ्याने वाचायचे, एकेकाने एकेक कडवं. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याची गोष्ट आहे, ती इथे कामाला येते. अर्थ न कळलेला शब्द आवाजात लगेच उघडा पडतो: तिथे उच्चार पुसट होतो, श्वास चुकतो.

श्वासाचं उदाहरण घ्या. ‘नको टाकू मला दूर’ अशी ओळ असेल आणि गटाने ‘नको’ म्हणून श्वास घेतला, तर मंडळीला ऐकू येतं ‘टाकू मला दूर’. विनवणीचा अर्थच उलटला! म्हणून वाचतानाच पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करा आणि सगळ्यांच्या वहीत त्या एकाच जागी असू द्या.

दुसरी अडचण चालीची. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात इंग्रजी चालींवरची गीतं आहेत, तशीच अभंगाच्या वळणाचीही आहेत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती गीताला मराठी छंदांत आणलं, त्यामुळे त्यांची पदं जिभेवर सहज बसतात. इंग्रजी चालीत मात्र लांब सूर कधी कधी ऱ्हस्व अक्षरावर येतो आणि ‘प्रभु’चा ‘प्राभु’ होतो. तिथे पहिलं अक्षर चटकन सोडून सूर ‘भु’वर धरता येतो का, ते करून पाहा. अभंगाच्या चालीत याउलट लय पळते. झांज वाजवणाऱ्याला शेवटच्या कडव्यापर्यंत आवरावं लागतं.

दहा मिनिटं गळा, मग गीतं

उभं राहून खांदे सैल. चार मोजत श्वास आत, मग ‘स्‌’ असा बारीक आवाज करत आठ मोजेपर्यंत बाहेर. काही आठवड्यांत सोळापर्यंत जा. त्यानंतर ओठांची फुरफुर करत पाच सूर वर, पाच सूर खाली, आणि दर फेरीला पट्टी एक घर वर (घर म्हणजे पेटीवरचा लगतचा सूर, काळे-पांढरे दोन्ही धरून). फुरफुर मध्येच थांबली तर श्वास कमी पडतोय किंवा गळा आवळला जातोय. शेवटी खालच्या सुरांवर सावकाश ‘आ’कार.

पुढची पंचेचाळीस मिनिटं गीतं, पण पूर्ण ताकदीने नाही. निम्म्या आवाजात सूर जुळत नसतील, तर मोठ्या आवाजातही जुळणार नाहीत. शेवटची दहा मिनिटं सगळी गीतं न थांबता, रविवारच्या क्रमाने.

पट्टी ठरवताना गटातला सर्वांत उंच गळा मोजायचाच नाही. गीतातला सर्वांत वरचा सूर बायकांसाठी वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (पाश्चात्त्य D) पलीकडे जाऊ नये; पुरुष तोच सूर एक सप्तक खाली गातात. समजा, गीत तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जातं आणि ‘सा’ पांढरी एक (C) धरलाय. मग वरचा सूर पांढरी तीनला पोहोचतो आणि मंडळी मान टाकते. ‘सा’ दोन घरं खाली, काळी पाचवर आणा. तुमच्या मुख्य गायिकेला ते मिळमिळीत वाटेल, वाटू द्या. दुसऱ्याला गाता यावं म्हणून आपली चमक कमी करणं हाही आत्मिक शिस्तीचाच भाग आहे, आणि तो प्रवचनापेक्षा पट्टी बदलताना लवकर शिकता येतो.

आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना गटातून काढू नका. खालच्या, सोप्या ओळी द्या. वर ताणायला लावू नका.

घरचा नेम

रोज पंधरा मिनिटं रियाज आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र. 150 स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. आवडती निवडून वाचू नका, क्रमाने वाचा. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं. ते वाचलेला गायक दुःखी घरातल्या माणसांसमोर उगाच हसतमुख गात नाही.

पाणी शनिवारपासूनच प्या. ऐन वेळी प्यालेला घोट स्वरतंतूंवरून जात नाही, तो अन्ननलिकेत जातो. घसा बसला तर कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. बोलणंच कमी करा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या खाऊन गाणं सर्वांत वाईट, कारण दुखणं कळतच नाही. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

चूक सांगताना

सगळ्यांसमोर नाव घेऊन नाही, आणि मोघमही नाही. ‘मावशी, दुसऱ्या कडव्यात ‘कृपा’वर सूर थोडा उतरतो, तिथे आधी श्वास घेऊन बघू या का?’ एवढं पुरे. ‘जरा मनापासून गा’ असं सांगून काहीच सुधारत नाही. त्या बिचाऱ्या मनापासूनच गात असतात. आपसांत बोलणं बंद असलेले दोघं गटात असतील, तर आधी ते मिटवा. एकमेकांकडे न पाहणाऱ्यांचा श्वास एकत्र पडत नाही.

रविवारी

उपासनेच्या चाळीस मिनिटं आधी या. माइक तोंडापासून चार बोटं, जाळीवर हात नको. हाताने जाळी झाकली की शिट्टी वाजते. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, म्हणून आधी वाद्यांचा आवाज खाली आणा. नवं गीत महिन्याला एकच, आणि ते सलग तीन रविवार.

एक फोन रेकॉर्डिंगला लावून शेवटच्या बाकावर ठेवा. पुढच्या सरावात ऐकताना आपला सूर नंतर तपासा, आधी मंडळी कुठल्या कडव्याला गप्प झाली ते शोधा. सगळीकडे फक्त माइकचेच आवाज येत असतील, तर पुढच्या रविवारी शेवटच्या कडव्याला वाद्यं थांबवा आणि माइक खाली घ्या.