जाळरेषेवरची उमेदवारी

पाटण तालुक्यातल्या एका डोंगरावर मी पहिल्यांदा जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून ठेवायच्या पट्ट्याच्या कामाला गेलो, तेव्हा अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट होता. वनमजूर मामांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे कापड वितळून अंगाला चिकटंल, पोरा. सुती काय असंल तर घालून ये." सुती काही नव्हतं. त्या दिवशी मी जाळापासून लांब, विळा घेऊन गवत कापत बसलो. बॉटनीची पदवी खिशात होती आणि हाताला फोड आले होते.

या कामात यायचं म्हणणारी मुलं-मुली बहुतेक वेळा पेटवण्याबद्दलच विचारतात. पेटवणं तासा-दोन तासांचं, बाकी सगळी तयारी आणि राखण. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलेलं असतं, पण हवेत गारवा असतो. तेव्हा दोन्ही कडांचं गवत कापून घ्यायचं आणि मधला पट्टा जाळायचा. आपल्याकडे वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, त्यामुळे हे सगळं त्याआधी उरकायचं. मार्चमध्ये वणवा आलाच, तर त्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही उरत नाही.

जाळ चढावर पळतो आणि उतारावर रांगतो. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर झुकते, ते आधीच तापवून ठेवते. म्हणून पट्टा वरच्या कडेकडून, वाऱ्याच्या उलट पेटवत आणायचा. वाऱ्याने दिशा बदलली की काम बंद, मग कितीही माणसं जमलेली असोत. आणि हे काम वनखात्याच्या परवानगीने, त्यांच्या माणसांसोबतच करायचं. राखीव वनात स्वतःच्या मनाने आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे तिथे चालत नाही.

माझी चूक दुसऱ्या वर्षीची. पट्टा जळून काळा झाला, धूर दिसेना, म्हणून माझ्या वाटणीची कड तपासली असं सांगून मी खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि त्याच कडेवरून आग पलीकडच्या गवतात गेली. निर्गुडीच्या डहाळ्यांनी झोडपून विझवेपर्यंत संध्याकाळ झाली. नंतर मामांनी मला वाळलेल्या शेणाचा एक पो दाखवला. वरून राखाडी, थंड. काठीने उलटला तर आत लाल. रात्रभर तो तसाच धुमसत होता. तेव्हापासून मी कडेवरचा प्रत्येक पो आणि ओंडका फोडतो, पाणी मारतो आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघतो.

गावात गेलात की, "जाळलं की गवत जोमानं येतं," हे ऐकाल. लगेच हुज्जत घालू नका. राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळलेल्या जमिनीत, नाचणीचं रोप करणाऱ्या माणसाला जाळ कशासाठी लावायचा हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. जाळल्यावर कोवळा फुटवा येतो, हेही खरं. पण दरवर्षी तोच उतार जळला की कुसळी नावाचं गवत फावतं. त्याच्या बीला पीळ पडलेली शेपटी असते. ओल लागली की ती उलगडते, सुकली की परत पिळते आणि बी मातीत रुतत जातं. त्यामुळे वरून गेलेल्या जाळातून ते वाचतं. मारवेलसारखं जनावरांच्या आवडीचं गवत मात्र मागे पडतं. उघड्या उतारावरची माती जुलैच्या पावसात ओढ्याला जाते, ती वेगळीच. हे मी कुसळीचं एक बी ओल्या तळहातावर ठेवून दाखवतो. भाषणापेक्षा ते फिरणारं बी जास्त काम करतं.

माळ सुधारायचा म्हणजे झाडं लावायची, हा समज आधी काढून टाका. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारशात गेलं ते सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या पातळ मातीत उगवणाऱ्या फुलांसह. अशा सड्यावर खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे आहे ते मोडणं. आमचं काम बरंचसं गवताचंच: पावसाळा सरताना बी गोळा करायचं, पुढच्या पावसाच्या तोंडावर शेणमातीत कालवून टाकायचं आणि मीटरभर चौकटीत काय काय उगवलं ते दरवर्षी त्याच जागी मोजायचं. कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगतो.

काझीरंगात गवताळ पट्टे ठरवून जाळतात. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा लोक सांगतात की पूर्वीचा हलका जाळ बंद झाला आणि घाणेरीची झुडपं माजली. तिथला नियम इथे उचलून लावू नका, पण वाचा जरूर.

वाटा दोन-तीन आहेत. वनरक्षक भरतीला बारावी लागते. मुलांना 5 किलोमीटर आणि मुलींना 3 किलोमीटर धावावं लागतं. वनक्षेत्रपाल व्हायचं तर एमपीएससी. संस्थांमध्ये काम मिळतं, पण बहुधा प्रकल्पापुरतं. पगाराच्या तारखेवर घरभाडं ठरवू नका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचना मोबाईलवर फुकट येतात, त्या आजच सुरू करा. नकाशावरचा एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटरचा चौकोन, तेव्हा ठिपक्यावर नेमकी आग सापडेलच असं नाही.

आणि फेब्रुवारीत घरचं कार्य धरू देऊ नका. बहिणीच्या अक्षता पडल्या तेव्हा मी मांडवामागे उभा राहून फोनवर विचारत होतो, "वरच्या कडेचे पो फोडले का?"