ड्रॅग रेसिंगसाठी ४एल६०ई ट्रान्समिशनमध्ये बदल कसे करावेत

१९९८ ते २००२ या काळातील व्ही-८ इंजिनाची शेव्हरले कॅमॅरो किंवा पाँटिॲक फायरबर्ड अमेरिकेतील हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ ट्रॅकवरील छोट्या अंतराच्या शर्यतींत, आजही हमखास दिसते. गाडी ऑटोमॅटिक असेल, तर तिच्यात जनरल मोटर्सचे ४एल६०ई हे चार गिअरचे ट्रान्समिशन असते. १९८२ मध्ये आलेल्या, केवळ तेलाच्या दाबावर गिअर बदलणाऱ्या ७००आर४ या ट्रान्समिशनचाच हा १९९३ पासूनचा संगणक-नियंत्रित अवतार आहे. गिअर केव्हा आणि किती दाबाने बदलायचा, हे त्यात संगणक ठरवतो. शर्यतीची हौस लागताच अनेक जण हा संगणक बाजूला सारून मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे प्रत्येक गिअर चालकाने हाताने बदलायचा तेलाच्या व्हॉल्व्हचा ठोकळा, बसवायला निघतात. ब्रॅकेट रेसिंग करणाऱ्याने तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रकारात चालक आपली वेळ आधी जाहीर करतो आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, अंतर त्या वेळेच्या शक्य तितके जवळ, पण त्याहून कमी वेळ न घेता, पार करण्याचा प्रयत्न करतो. गिअर दर वेळी त्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) आणि तितक्याच वेळात पडणे हे तिथे नुसत्या वेगापेक्षा मोलाचे असते आणि हे काम संगणक माणसाच्या हातापेक्षा चांगले करतो.

आधी तपासणी

गाडी जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर घेऊन ऑइल पॅन उतरवावे. पॅनमधील लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे; परंतु काळे कण, धातूचे चकचकीत तुकडे किंवा तेलाला जळका वास असेल, तर कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी ट्रान्समिशन पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागेल. स्कॅनर लावून पी१८७० हा कोड नोंदलेला आहे का, तेही पाहावे. तो कोड घसरण दाखवतो आणि तिचे नेहमीचे कारण म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीमधील, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलामार्फत ट्रान्समिशनकडे पोहोचवणाऱ्या भागाच्या) क्लचचा दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हचे झिजलेले छिद्र. हा दोष सॉफ्टवेअरने झाकता येतो, बरा होत नाही.

कूलर आणि टॉर्क कन्व्हर्टर

पहिला खर्च वेगळ्या ऑइल कूलरवर करावा. रेडिएटरमधून बाहेर पडणारे तेल त्याच्यातून फिरवून मग ट्रान्समिशनकडे परत न्यावे.

कन्व्हर्टर निवडताना थोडे गणित करावे लागते. ४एल६०ईचा पहिला गिअर ३.०६ आणि दुसरा १.६३ आहे. म्हणजे ६,००० आरपीएमला दुसरा गिअर पडला, तर कन्व्हर्टरची घसरण वगळता इंजिन थेट ३,२०० च्या आसपास खाली येते. ही दरी मोठी आहे. स्टॉल म्हणजे गाडी ब्रेकवर थांबवून थ्रॉटल दिल्यावर कन्व्हर्टर इंजिनाला जितक्या आरपीएमपर्यंत चढू देतो तो आकडा. म्हणून सुमारे ३,००० ते ३,४०० आरपीएम स्टॉलचा कन्व्हर्टर रस्ता आणि शर्यत अशा दुहेरी वापराच्या गाडीला शोभतो. त्याहून जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर रोजच्या वापरात तेल अकारण तापवतो.

कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यात साधारण लिटरभर तेल ओतावे आणि मग तो फिरवत फिरवत आत ढकलावा. टप्प्याटप्प्याने खटका देत तो आत सरकतो आणि शेवटच्या खटक्याला त्याच्या खाचा पंपात बसतात. ट्रान्समिशन इंजिनाला घट्ट जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागच्या टोकाची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती चकती) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे. फट नसेल, तर काम तिथेच थांबवावे. बोल्ट आवळून दोन्ही भाग जवळ ओढले, तर पंप फुटतो.

तेलाच्या दाबाचे काम

या ट्रान्समिशनचे दुखणे दोन ठिकाणी असते: तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच आणि सन गिअरला (गिअरसंचातील मधल्या चाकाला) जोडलेले, घंटेच्या आकाराचे पातळ कवच. दोन्हींसाठी ट्रान्समिशन उतरवावे लागते. दुसऱ्या गिअरचा बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) मात्र गाडीखाली झोपूनही सुधारता येतो. शेव्हरले कॉर्व्हेटसाठी बनवलेला सर्व्हो (बँड आवळणारा पिस्टन) आकाराने मोठा असल्यामुळे तेवढ्याच दाबात तो बँड अधिक जोराने आवळतो. उजव्या बाजूचे झाकण आत दाबून धरून सर्क्लिप काढली, की जुना सर्व्हो बाहेर येतो. नवा बसवताना त्याच्या पिनची हालचाल मोजावी, कारण बँड अजिबात मोकळा राहिला नाही, तर तो सतत घासून जळतो.

शिफ्ट किट (गिअर घट्ट आणि झटपट पडावा यासाठीचा सुट्या भागांचा संच) बसवताना व्हॉल्व्ह बॉडी खाली घ्यावी लागते आणि तिच्यामागच्या लहान गोळ्या हमखास घरंगळतात. त्यांच्या जागांचा आधी फोटो काढावा आणि परत लावताना त्या व्हॅसलीनने चिकटवाव्यात. जाड ग्रीस वापरू नये, कारण ते तेलात विरघळत नाही. बोल्ट साधारण ११ न्यूटन-मीटरलाच, टॉर्क रेंचने आवळावेत. ॲल्युमिनिअमचे आटे जाण्यास फार जोर लागत नाही. विभाजक प्लेटची (व्हॉल्व्ह बॉडीला लागून असलेल्या छिद्रांच्या पत्र्याची) छिद्रे किटमध्ये सांगितली आहेत तेवढीच मोठी करावीत.

संगणकातील बदल

एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआय लाइव्ह यांसारख्या सॉफ्टवेअरने मूळ फाइल वाचून तिची प्रत आधी जपून ठेवावी. मागचा डिफरन्शिअल किंवा टायरचा आकार बदलला असेल, तर वेगमापनाचे आकडे प्रथम दुरुस्त करावेत, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) रीत उलटी आहे: वीजप्रवाह सुमारे १.१ अँपिअर असताना दाब सर्वांत कमी आणि शून्य असताना सर्वांत जास्त. वायर तुटली, तरी क्लच घसरू नये, अशी ती योजना आहे. काही जण सोलेनॉइडची वायर काढून कायम पूर्ण दाब ठेवतात. गिअर झटक्यात पडतो खरा, पण तोच झटका मघाच्या कवचाला सिग्नलवरून निघतानाही सोसावा लागतो. दाब फक्त जास्त थ्रॉटलला, थोडाथोडा वाढवावा.

गिअर बदलताना इंजिनाची ताकद क्षणभर कमी करणारे टॉर्क मॅनेजमेंट पूर्ण बंद करण्याचा मोह आवरावा. ते टप्प्याटप्प्याने कमी करावे. गिअरचा हुकूम सुटल्यापासून तो प्रत्यक्ष पडेपर्यंत इंजिन वर चढतच असते. म्हणून ६,००० ला गिअर हवा असेल, तर हुकूम ५,७०० च्या सुमारास देऊन पाहावा आणि पूर्ण थ्रॉटलच्या वेग व आरपीएम या दोन्ही तक्त्यांतील आकडे एकमेकांशी जुळवावेत.

लॉगमध्ये (धावताना सॉफ्टवेअरने नोंदवलेल्या आकड्यांत) सर्वांत बारकाईने पाहायचा तो दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरचा क्षण. तिथे बँड सुटणे आणि क्लच धरणे एकाच वेळी घडावे लागते. आरपीएम खाली येण्याआधी एकदम वर उसळले, तर क्लच उशिरा धरतो आहे. गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळली, तर बँड उशिरा सुटतो आहे. सर्व्हो मोठा केल्यावर हा मेळ बिघडू शकतो, म्हणून एका वेळी एकच बदल करून पुन्हा लॉग घ्यावा.

ट्रॅकवर

इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू होते ना, हे निघण्यापूर्वी तपासावे. त्यासाठीचा स्विच एनएचआरएच्या (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या अमेरिकेतील ड्रॅग रेसिंग संस्थेच्या) नियमांत बंधनकारक आहे. त्याच नियमांनुसार १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीच्या चालकाला मान्यताप्राप्त हेल्मेट लागते, तर ११.४९ किंवा त्याहून जलद गाडीत रोल बार (चालकाच्या संरक्षणासाठीची नळ्यांची चौकट) लागतो.

लिव्हर ओव्हरड्राइव्हवर (चौथ्या गिअरवर) न ठेवता तिसऱ्यावर ठेवावा. प्रत्येक धावेपूर्वी ट्रान्समिशनच्या तेलाचे तापमान स्कॅनरवर पाहून एकाच आकड्याला, समजा ८० अंश सेल्सिअसला, सुरुवातीच्या रेषेवर यावे. तेल गार किंवा जास्त तापलेले असले, की गिअर पडण्याचा वेळ बदलतो आणि जाहीर केलेली वेळ चुकते. पहिल्या दिवसाच्या शर्यतींनंतर पॅन पुन्हा उतरवून चुंबक पाहावा. इंजिनाची ताकद पुढे बरीच वाढवायची असेल, तर याच ट्रान्समिशनवर पैसे ओतत न बसता जड पण मजबूत ४एल८०ईकडे वळावे. मात्र त्याच्या सोलेनॉइडचा क्रम वेगळा असल्यामुळे वायरिंग आणि संगणकाची फाइल दोन्ही बदलावी लागतात.