चवडा ब्रेकवर, कड रेसवर: ट्रॅकवरील हील-टो

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसरे वळण संपले की सुमारे एक किलोमीटरची सरळ धाव लागते आणि तिच्या शेवटी उजवीकडचे चौथे वळण येते. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या गाड्या येथे ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाऊन ब्रेक लावत असत. आपली मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार तेथे ताशी १९० किलोमीटर वेगाने पोहोचली आणि वळणात ताशी ८० ने शिरायचे आहे, असे धरू. चांगल्या टायरवर वेग १ जी या दराने (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या), म्हणजे दर सेकंदाला ताशी सुमारे ३५ किलोमीटरने कमी होत असेल, तर हे काम ११७ मीटरांत आणि साधारण ३.१ सेकंदांत उरकते. तेवढ्या अवधीत पाचव्या गिअरवरून दुसऱ्यावर यायचे, वळणाचा आतला बिंदू नजरेने पकडायचा आणि या सगळ्या धांदलीत ब्रेकवरचा दाब मात्र तसूभरही हलू द्यायचा नाही. हील-टो, म्हणजे ब्रेक दाबून धरलेल्या उजव्या पायानेच रेसच्या (ॲक्सिलरेटरच्या) पेडलला ठोका देत खालचा गिअर टाकणे, हे तंत्र याच शेवटच्या अटीसाठी आहे. ते गिअर बदलण्याचे तंत्र आहे असे समजून शिकणारे बहुतेक जण चुकतात, कारण त्यांचे सगळे लक्ष रेसच्या आवाजाकडे जाते आणि ब्रेक बिचारा वाऱ्यावर राहतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे घाट उतरताना ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ असे शिकवतात, आणि ते अगदी योग्य आहे, कारण लांबलचक उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून इंजिनाला गाडी धरून ठेवायला लावायची असते. ट्रॅकवर हा हिशेब लागू होत नाही. तेथे चारही चाकांचे ब्रेक टायरची पकड संपेपर्यंत काम करू शकतात. इंजिनाचा अडथळा फक्त ओढणाऱ्या दोन चाकांवर पडतो आणि चारही चाकांमधला तोल बिघडवतो. म्हणून वेग कमी करायचा तो ब्रेकने, आणि खालचा गिअर टाकायचा तो वळणातून बाहेर पडताना इंजिनात जोर असावा म्हणून.

आता रेस का द्यायची, ते पाहू. चौथ्या गिअरमध्ये इंजिन ४००० आरपीएमवर (मिनिटाला ४००० फेरे) फिरत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये ते, गिअरच्या प्रमाणांनुसार, ५३०० च्या आसपास फिरले पाहिजे. क्लच दाबल्यावर इंजिनाचा वेग वाढत नाही, उलट घसरतो. तशा अवस्थेत क्लच सोडला, तर मधला फरक भरून काढण्याचे काम चाकांवर येते. जोरदार ब्रेकिंगमध्ये गाडीचे वजन पुढे सरकलेले असते: ११०० किलोची, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर गुरुत्वमध्य असलेली आणि पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी १ जी ने मंदावत असेल, तर मागच्या चाकांवरचा सुमारे २२० किलोंचा भार पुढच्या चाकांवर जातो. अशा हलक्या झालेल्या मागच्या चाकांना इंजिनाने हिसका दिला की ती क्षणभर अडकतात आणि गाडीची शेपटी फिरते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत शेपटी फिरत नाही, पण पुढच्या टायरची पकड खर्ची पडते आणि गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ लागते. क्लच दाबलेला असताना रेसला एक छोटा ठोका देऊन इंजिन आधीच योग्य आरपीएमवर आणले, की हा हिसका नाहीसा होतो.

हा ठोका द्यायचा तर उजवा पाय हवा, आणि उजवा पाय तर ब्रेकवर गुंतलेला आहे. म्हणून एकाच पायाने दोन्ही पेडल सांभाळायची. ‘हील-टो’ हे नाव आता काहीसे फसवे झाले आहे. पूर्वीच्या अनेक गाड्यांत पेडलची मांडणी अशी असे की बोटांनी ब्रेक आणि टाचेने रेस दाबणे सोयीचे पडे. आजच्या बहुतेक गाड्यांत पायाचा चवडा ब्रेकच्या उजव्या अर्ध्या भागावर राहतो आणि करंगळीच्या बाजूची कड घोटा वळवून रेसवर टेकवली जाते. पेडलमधले अंतर जास्त असेल, तर टाच थोडी उजवीकडे फिरवावी लागते. दोन्ही पद्धती योग्यच आहेत. कोणती बरी, हे आपल्या पायाच्या मापावर आणि गाडीवर ठरते.

ट्रॅकवर जाण्यापूर्वीची तयारी कंटाळवाणी वाटते, परंतु तिच्यावाचून पुढचे सगळे व्यर्थ आहे. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. बूट पातळ आणि अरुंद तळाचे असावेत. धावण्याच्या जाड, गुबगुबीत बुटांतून ब्रेकची जाणीव पायापर्यंत पोहोचतच नाही. ब्रेक ऑइल नवे भरावे आणि पाइपांतली हवा काढून घ्यावी. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतला ओलावा शोषत जाते आणि ओले झाल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल स्पंजासारखे खोल जाते. पेडल घट्ट लागूनही गाडी पुरेशी मंदावत नसेल, तर डिस्कवर दाबले जाणारे ब्रेकचे पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. दोन्ही दोषांत करायचे ते एकच: वेग उतरवून फेरी पूर्ण करावी आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यावे.

पहिल्या सत्रात हील-टोला हातही लावू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी नुसते ब्रेकिंग साधावे. वळणाआधी अंतराच्या पाट्या असतील तर त्यांतली एक, नसतील तर कडेची एखादी न हलणारी खूण धरावी. सुरुवातीला बरेच आधी ब्रेक लावावा आणि दर फेरीला तो बिंदू थोडाथोडा पुढे न्यावा. पेडलवर लाथ मारायची नाही. पहिल्या क्षणी वजन पुढच्या टायरवर बसू द्यायचे आणि लगेच दाब कमाल पातळीवर न्यायचा. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा, सुरू झाली की पेडल पायाखाली थरथरते. त्या थरथरीच्या किंचित अलीकडे राहणे हे उद्दिष्ट. वेग उतरत आला की दाबही उतरवायचा, आणि स्टिअरिंग वळू लागताच पेडल हळूहळू सोडत जायचे, कारण टायरकडे असलेली पकड ब्रेकिंग आणि वळणे या दोघांत वाटली जाते. हे दहा फेऱ्या एकसारखे जमले की मग पुढचा धडा घ्यावा.

हील-टोचा पहिला सराव उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून करावा. इंजिन बंद असेल तर पायाच्या जोरात भर घालणारा ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखे होते आणि पायाला चुकीची सवय लागते. ट्रॅकवर लागतो तितक्याच जोराने ब्रेक दाबून धरावा आणि घोटा वळवून रेसला ठोके द्यावेत. आरपीएमचा काटा उसळला पाहिजे, पण चवड्याखालचा दाब बदलता कामा नये. हे लिहायला सोपे आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नांत रेसच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ब्रेकही जास्त दाबला जायचा आणि शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाची मान दरवेळी होकार दिल्यासारखी पुढे झुकायची. यावर उपाय असा की ठोका मांडीतून नव्हे, फक्त घोट्यातून यायला हवा.

रस्त्यावर याचा सराव का करू नये, याचे सुरक्षिततेशिवाय आणखी एक कारण आहे. रस्त्यावर ब्रेक हलका दाबला जातो, त्यामुळे ब्रेकचे पेडल रेसच्या पेडलपेक्षा बरेच वर राहते आणि पायाची कड रेसपर्यंत पोहोचत नाही. ट्रॅकवरच्या जोराने दाबल्यावरच दोन्ही पेडल जवळजवळ एका पातळीत येतात. रस्त्यावर ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून हे तंत्र सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांच्या पायात काहीच दोष नसतो.

आता चौथ्या वळणाकडे परत येऊ. आपल्या गाडीत तिसरा गिअर ताशी १४० पर्यंत आणि दुसरा ७००० आरपीएमला ताशी १०० पर्यंत जातो, असे समजू. १९० वर ब्रेक लागला की पहिल्या सेकंदात गिअरकडे पाहायचेही नाही. दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीस वेग १२० च्या आसपास येतो, तेव्हा क्लच दाबायचा, तिसरा गिअर टाकता टाकता ठोका द्यायचा आणि आरपीएम खाली घसरायच्या आत क्लच सोडायचा. वेग शंभराच्या बराच खाली, म्हणजे ९० च्या जवळ आला की हीच कृती दुसऱ्या गिअरसाठी करायची. मधला चौथा गिअर गाळला तरी चालतो. नवशिक्याने तो गाळावाच, असे मी म्हणेन, कारण एक गिअर कमी म्हणजे ब्रेक बिघडण्याची एक संधी कमी.

सगळ्यांत महाग चूक घाईतून होते. १६० च्या वेगाला चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सुटला, तर चाके त्या इंजिनाला ११,२०० आरपीएमकडे ओढतात. इंधन तोडणारा रेव्ह लिमिटर येथे काही करू शकत नाही, कारण इंजिन इंधनावर नव्हे तर चाकांमुळे फिरत असते. व्हॉल्व्ह वाकतात आणि त्या दिवसाचा खर्च वर्षभर आठवत राहतो. दुसरी चूक डाव्या पायाची: ठोका नेमका बसतो, पण क्लच इतका सावकाश सुटतो की तोपर्यंत इंजिन पुन्हा खाली आलेले असते आणि हिसका बसतोच. ठोका थोडा जास्त झालेला परवडतो, कमी झालेला नाही.

जुन्या मालट्रकांवर डबल क्लच मारणाऱ्या चालकांना आरपीएम जुळवण्याचे हे शास्त्र कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी त्यांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसल्यामुळे रेस न देता खालचा गिअर पडतच नसे. आजच्या गाडीत सिंक्रोमेश असल्याने न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबण्याची आवश्यकता उरलेली नाही. एकच क्लच पुरतो.

काही नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबले की संगणक रेस तोडतो, त्यामुळे पायाला दोष देण्याआधी गाडीचे माहितीपुस्तक पाहावे. काही गाड्या हा ठोका स्वतःच देतात. निसानने २००९ च्या ३७० झेड या मॅन्युअल गाडीत ही सोय दिली होती. शिकायचे असेल तर अशी सोय बटणाने बंद करावी.

सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, वरच्या गिअरमध्ये, सावकाश काढावी, म्हणजे ब्रेकच्या डिस्कवरून हवा वाहून त्या थंड होतात. पिटमागे गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून राहिले, तर पुढच्या सत्रात पेडल थडथडू लागते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे ओंडका लावावा.